आंबेवाली आणि बांधीवाली

धरमपेठ, नागपूर
१२ जुलै १९६८

श्री. आनंदराव शंभरकर गुरुजी यांना,

नमस्कार. मी नीला मोहरीर. मार्चमध्ये कॉलेजची जीप घेऊन पिंपळझरीला दोनदा आले होते, तलावाच्या पाळीतलं जुनं दगडी भुयार बघायला. तुम्ही कंदील धरून आत आला होतात. परतताना तुमच्या घरी मी पाणी मागून प्यायले, तीच मी.

एक काम घेऊन लिहिते आहे. त्या भुयारात जी लहान वटवाघळं आहेत, ज्यांना तुमच्याकडे पाकोळ्या म्हणतात, ती सगळी सारखीच दिसतात. पण हातात धरून पाहिली तेव्हा काहींच्या नाकावरच्या पानासारख्या कातडीशेजारी तीन बारीक पाकळ्या होत्या. काहींच्या नव्हत्या, आणि त्यांचे कान मोठे होते. मला वाटतं या दोन जाती आहेत. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, इतक्या सारख्या दोन जाती एका भुयारात राहूच शकत नाहीत, एक दुसरीला हुसकून लावील. तेव्हा ही जात एकच, आणि कान काय, माणसांचेही लहानमोठे असतात.

वर्षभराची मोजणी दाखवली तरच ते माझा प्रबंध पुढे जाऊ देतील. आणि नेमका माझा पाय मोडला आहे. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे, किती महिने ते सांगत नाहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ तुम्ही भुयाराच्या तोंडाशी बसाल का? किती बाहेर पडतात, केव्हा, कोणीकडे जातात, एवढंच लिहून पाठवायचं. नाही म्हणालात तरी राग मानणार नाही.

नीला मोहरीर


पिंपळझरी, कुहीजवळ
२८ जुलै १९६८

आदरणीय नीलाताई,

जयभीम. पत्र पोस्टमनने भर वर्गात दिले, त्यामुळे गुरुजींना नागपूरहून पत्र येते हे गावाला कळले आहे.

काम आनंदाने करीन, पण पहिल्या शनिवारी माझी फजिती झाली. दिवस मावळल्यावर त्या सुपातून पाखडलेल्या कोंड्यासारख्या बाहेर आल्या. नव्वदपर्यंत मोजल्या आणि मग चष्म्यावर पाऊस पडला. घरी येऊन आईला सांगितले. घरात आम्ही दोघेच असतो. माझी आई कौसल्या, तिला पाच वर्षांपासून दिसत नाही. ती हसली. म्हणाली, "तुले दिसते म्हणून तू चुकते. मले घेऊन चाल."

काल तिला घेऊन गेलो. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या भुयारातले लेंडीखत धानाच्या पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, आणत असे, वाट पायांनाच ठाऊक. तोंडाच्या एका बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली, एक हात कमरेजवळ आडवा धरला, दुसरा डोक्यावर. त्या निघाल्या तशी ती पुटपुटू लागली. "हे खालून गेली. हे वरून. वरून. वरून. हे खालची." पंखांचा वारा तिला तळहातावर लागतो म्हणे. वरून जाणाऱ्या आमराईकडे वळतात. खालच्या गुडघ्याइतक्या उंचीवरून थेट धानाच्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर. आई त्यांना आंबेवाली आणि बांधीवाली म्हणते. मी विचारले, तुला हे केव्हापासून माहीत? ती म्हणाली, "मले कोणी पुसलंच नाई."

ती बोलेल तसे मी टोपलीत टाकत गेलो: वरच्यांसाठी चिंचोका, खालच्यांसाठी मोहाची बी. घरी येऊन मोजले. आंबेवाली ३४०, बांधीवाली ११८. आंबेवाली आधी निघतात, बांधीवाली पाव तासाने.

आपला,
आनंदराव शंभरकर


धरमपेठ
१४ ऑगस्ट १९६८

आनंदराव गुरुजी,

तुमचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या सैल झाल्या. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचे दोन हात मला दिवसभर दिसत राहतात.

मी वरच्या खोलीत असते, गच्चीला लागून. दिवसा झोप येते आणि संध्याकाळी टक्क जागी होते, म्हणजे मीही आता त्यांच्यातलीच. रस्त्यावरचा म्युनिसिपालिटीचा दिवा लागतो, खालून कुणाच्या तरी रेडिओवरचा सारंगीचा आवाज येतो, आणि दिव्याभोवती एकदोन वटवाघळं फिरू लागतात. ती आमच्या भुयारातली नव्हेत हे मला कळतं. तरी डोळे मिटले की वाटतं, दिव्याच्या मागे तुमचा तलाव आहे, पाणी काळं झालं आहे आणि मी पाळीवरून चालते आहे. पाय अजिबात दुखत नाही.

एक विनंती. आत जाऊन दोन्ही जातींच्या खाली जुनं लुगडं अंथरता येईल का? जे पडेल ते वेगवेगळ्या पुड्यांत बांधून पाठवा. काय खाल्लं ते त्यातून कळतं. सूक्ष्मदर्शक मी घरी आणून घेतला आहे.

नीला


पिंपळझरी
८ सप्टेंबर १९६८

आदरणीय नीलाताई,

आठ पुड्या पाठवीत आहे. निळ्या दोऱ्याच्या आंबेवालींच्या, पांढऱ्या दोऱ्याच्या बांधीवालींच्या.

लुगडी अंथरायला आत गेलो तेव्हा आणखी एक दिसले. तोंडापासून तीस पावलांपर्यंत, जिथे थोडी ऊब असते, तिथे आंबेवालीच लटकतात. पुढे भुयार वळते, दगड ओले आहेत, तिथे बांधीवाली, मोठ्या कानांच्या. मध्ये चारेक हात भिंत रिकामी. मी आईला सांगितले तर ती म्हणाली, "असंच राह्यते. मी लगन होऊन आली तवापासून."

शनिवारचे आकडे मागे लिहिले आहेत. धान गुडघ्यापर्यंत आले आहे. आई शुक्रवारपासूनच विचारते, उद्या शनिवारच ना गा?

आनंदराव


धरमपेठ
२९ सप्टेंबर १९६८

गुरुजी,

आधी गंमत सांगते. तुमचं पार्सल बाबांच्या हाती पडलं. माझे वडील केशवराव, जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, कागद वाचल्याशिवाय सहसा पुढे जात नाहीत. पण या वेळी त्यांना वाटलं कुणा वैद्यानं माझ्यासाठी चूर्ण पाठवलं. एक पुडी मधात कालवून ते वर घेऊन आले. मी ओरडले तेव्हा वाटी पलंगावर सांडली. त्या दिवसापासून ते पुड्यांना हात लावत नाहीत. पण त्यात काय सापडलं हे रोज विचारतात.

आणि सापडलं, गुरुजी! पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्यांत भुंग्यांच्या कडक पाठी, चुरा चुरा झालेल्या. निळ्या दोऱ्याच्या पुड्यांत पतंगांच्या पंखांची रुपेरी धूळ, बारीक माश्यांचे पाय. एका घरात राहतात, पण जेवायला वेगळ्या पंगतीत बसतात. म्हणून भांडण नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, वर्ष पुरं कर, मग बोलू.

थकले. बाकी पुढच्या पत्रात.

नीला


पिंपळझरी
१५ ऑक्टोबर १९६८

आदरणीय नीलाताई,

तुमची सगळी पत्रे मी आईला वाचून दाखवतो. या वेळी एक वाक्य गाळले, पंगतीचे. तुमच्या मनात काही नव्हते हे जाणतो. पण आईने वेगळ्या पंगती पाहिल्या आहेत. छप्पन साली नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली, त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ती इथल्या लग्नांत गोठ्यामागे बसून जेवली आहे. तिथे भांडण नव्हते याचे कारण भुंगे आणि पतंग हे नव्हते. पाकोळ्यांना कुठे बसायचे ते कुणी सांगितलेले नाही. लिहू की नको असे चार दिवस झाले, मग लिहिले.

दुसरे. चूर्णाची गोष्ट ऐकून आई खूप हसली. पण रात्री भाकरी थापताना म्हणाली, "पाय मोडला त्याले चूर्ण काहून गा? ते पोरगी बिमार तं नाई?" मी म्हणालो, ताई मला खोटे कशाला लिहितील.

आनंदराव


धरमपेठ
२६ ऑक्टोबर १९६८

गुरुजी,

वाक्य माझं होतं. चूक माझी. वहीतूनही खोडलं. लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर ते प्रबंधात गेलं असतं.

पाय बरा होतो आहे. आईंना सांगा.

आता थंडीचे तीन महिने फार महत्त्वाचे. भुंगे कमी होतील, पतंगही. तेव्हा दोघी कशा राहतात, एक दुसरीला हुसकते का, सगळं यावरच आहे. एकही शनिवार चुकवू नका.

नीला


पिंपळझरी
२ डिसेंबर १९६८

आदरणीय नीलाताई,

आपल्या सूचनेप्रमाणे. ९ नोव्हेंबर: वरच्या ३३१, खालच्या ११५. १६ नोव्हेंबर: ३२८, ११२. २३ नोव्हेंबर: ३२४, ११०. ३० नोव्हेंबर: ३२१, १०९. आतल्या जागा पूर्वीसारख्याच. भांडण नाही.

थंडी पडली आहे. आईची प्रकृती ठीक. आपण प्रकृतीस जपावे.

आनंदराव


पिंपळझरी
६ जानेवारी १९६९

आदरणीय नीलाताई,

७ डिसेंबर: ३१९, १०८. १४ डिसेंबर: ३१७, १०६. २१ डिसेंबर: ३१४, १०५. २८ डिसेंबर: ३१२, १०४. ४ जानेवारी: ३१०, १०३. पुड्या या वेळी पाठवू शकलो नाही.

आपले पत्र महिनाभर आले नाही. पाय कसा आहे?

आनंदराव


धरमपेठ
१८ जानेवारी १९६९

गुरुजी,

मी आकडे आलेख-कागदावर मांडत होते. इतकी सरळ रेघ मी कधी पाहिली नाही. पावसाळ्यात तुमचे आकडे उड्या मारायचे, आईंना सर्दी झाली तर कमी व्हायचे, वारा असला तर तुम्ही तसं लिहायचात. आता वारा नाही, आई नाहीत, चिंचोके नाहीत. फक्त आकडे.

२८ डिसेंबरच्या संध्याकाळी इथे गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात होतं, कुही भागात बोराएवढ्या गारा, उभ्या तुरी झोपल्या. दिवस मावळतानाच. त्या वेळी एकही वटवाघूळ बाहेर पडत नाही. तुम्ही ३१२ आणि १०४ मोजलीत.

भुयारात काय झालं आहे?

नीला


पिंपळझरी
२७ जानेवारी १९६९

नीलाताई,

भुयार रिकामे आहे. ५ नोव्हेंबरपासून.

सगळे लिहितो. गावात भैय्याजी आहेत, जुन्या मालगुजारांचे नातू. मालगुजारी गेली तरी गाव त्यांना मालकच म्हणते, आणि तलावाची पाळ ते आपली समजतात. नागपूरची बाई जीप घेऊन येते, मास्तर दर शनिवारी आंधळ्या आईला घेऊन भुयारापाशी बसतो, टोपलीत काही मोजतो, दोरा बांधून पुड्या नागपूरला पाठवतो: गावाने याचा एकच अर्थ लावला, गुप्तधन. भैय्याजींनी मला बोलावले. मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, पाकोळीच्या लेंड्या कोणी नागपूरले मागवते का?" आणि मला ते सांगताना स्वतःलाही पटेना.

५ तारखेला त्यांनी ओले तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि मिरच्या पेटवून आत धूर केला, म्हणजे माणसांना खणता येईल. मी शाळेतून धावत गेलो. "मालक, थोडे थांबा," एवढे दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. शाळेची खोली त्यांच्याच आवारात आहे. भर दुपारी पाकोळ्या उन्हात बाहेर पडल्या. काही तलावात पडल्या. आई घराच्या दारात उभी होती, तिथपर्यंत मिरचीचा ठसका आला. तिने विचारले, "काय जळून राहिलं गा?" मी म्हणालो, कुणाचे तरी तण.

खणून चुन्याची फुटकी मडकी निघाली, दुसरे काही नाही.

तुम्हाला कळवायला बसलो तर लेखणी चालेना. तुमच्या पुड्यांमुळे हे झाले असे तुम्हाला वाटेल, वर्ष बुडाले असे वाटेल, आणि तुम्ही पडून आहात. म्हणून पहिला शनिवार मनाने लिहिला. मग दुसरा लिहावाच लागला. हे झाले सांगण्याजोगे कारण. दुसरे असे की पाकोळ्या गेल्या म्हटल्यावर पत्रे येण्याचे कारण उरले नसते.

मुलांना मी वर्गात सांगतो की उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेवा. ती नऊ उत्तरे तुम्ही खोडून टाका.

आनंदराव


धरमपेठ
२० फेब्रुवारी १९६९

आनंदराव गुरुजी,

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलेलं सगळं फाडावं लागलं.

पाकोळ्या मेल्या याचा राग तुमच्यावर नाही. तुम्ही तिसऱ्यांदा थांबा म्हणाला नाहीत याचाही नाही. मी सरांपुढे पहिल्यांदाही म्हणत नाही. राग याचा आहे की तुम्ही मला नऊ संध्याकाळी दिल्यात ज्या झाल्याच नव्हत्या. खाटेवर पडून मी त्या एकेक जगले. ३० नोव्हेंबरला ताप होता तेव्हा मी मनात तुमच्या पाळीवर बसून ३२१ मोजल्या, एकेक करून, आणि त्या नादात झोपले. त्या नव्हत्याच. आणि ज्या संध्याकाळी खरोखर झाल्या, जेव्हा त्या बेघर होऊन कुठेतरी गेल्या, त्या कुणी पाहिल्याच नाहीत.

हे लिहून झालं आणि मला कळलं की माझाही पाय मोडलेला नाही. माझ्या उजव्या फुप्फुसाला क्षय आहे. जूनपासून. सुया घेते आहे. बाबांनी नातेवाइकांना पाय म्हणून सांगितलं, मी तुम्हालाही तेच लिहिलं. क्षयाच्या रोग्याचा कागद तुम्ही हातात घ्याल की नाही, कोण जाणे, असं वाटलं. तेव्हा आपण दोघेही कोऱ्या पाटीवर लिहिणारे.

काय करावं कळत नाही. सरांना अजून सांगितलेलं नाही.

नीला


पिंपळझरी
४ मार्च १९६९

नीला पोरी,

हे पत्र मी सांगून राहिली अन् आनंद लिहून राहिला. त्याले म्हणलं, माह्या बोलीत लिही, तुह्या शाळेच्या बोलीत नको. मधात एक शब्द बदलवला तं मले समजते.

तू बिमार आहे हे मले चूर्णाच्या पत्रातच समजलं होतं. पयले तुही वाक्यं लांब लांब राहत. मंग आखूड झाली. दम लागलेलं माणूस तसंच बोलते. माह्या बहिणीले हेच होतं. ते नाई राह्यली, पण तवा सुया नोत्या. तू राहशील. कागदाले हात लावाचं काहून भेव वाटन? तू माह्या हातचं पाणी पेली, तवा तू भेली का?

आनंद तुले खोटं बोलला. मले बी तण जळते म्हणला. मले का मिरचीचा वास समजत नाई? मी त्याले काही म्हणलं नाई. त्यानं सांगाची वाट पाह्यली. पण तुह्यासंगं खोटं बोलला हे मले तुहं रागाचं पत्र वाचलं तवा समजलं. त्या दिवशी मी त्याले जेवाले वाढलं नाई. चाळीस वर्साचा घोडा, उपाशी निजला.

आता आयक. तू म्हणते त्या संध्याकाळी कोणी पाह्यल्या नाई. मी पाह्यल्या. धूर झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारची अंजनाबाई म्हणे, पडक्या कोरड्या विहिरीतून पाकोळ्या निंघून राहिल्या. मी तिले म्हणलं, मले घेऊन चाल. तिचे डोये अन् माहा हात. आनंद घरी वही घेऊन बसे, मी म्हणो भजनाले चालली. धान कापलं त्या दिवशी, बैलाईनं धान चुरलं त्या दिवशी, अंजनाची गाय व्याली त्या दिवशी, असे आठ येळा गेलो. गारा पडल्या त्या दिवशी नाई गेलो.

विहिरीत निस्त्या बांधीवाल्या होत्या, अंजनानं कान पाह्यले, मोठे. साठाच्या वर, नव्वदाच्या खाली. आंबेवाल्या, अंजना म्हणे, जंगलखात्याच्या बंद नाक्याच्या खोलीत गेल्या, ते लांब आहे, तिथं माह्यानं जाववलं नाई. अन् एक गोष्ट नवी. विहिरीतल्या बांधीवाल्या वरून बी जाऊन राहिल्या. माह्या डोक्यावरून, आंब्याकडे. आंबेवाली नसली तं ते बी आंब्यावर जाते.

संक्रांतीच्या तीन हप्ते मांगून बांधीवाल्या भुयारात वापस आल्या. आता आनंदले संगं नेलं, त्यानं कंदील लावून पाह्यलं. म्हणते तोंडापाशी टांगल्या आहेत, आंबेवालीच्या जागेवर. आतल्या ओल्या जागेवर बी. सारं भुयार त्याईचंच. तुह्या सराले सांग. अन् त्या आंबेवाल्या वापस आल्या म्हणजे काय होते, ते पाहाले आपण आहोत.

दोन टाइम जेवत जा. दूध पेत जा.

कौसल्या

(आईने सांगितले तसेच लिहिले आहे. घोडा हा शब्दही. आ.)


धरमपेठ
२१ मार्च १९६९

कौसल्यामावशी,

तुमचं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचायला लावलं. ते कोर्टातल्यासारखं वाचायला लागले आणि गाय व्याली तिथे थांबून चष्मा पुसला. मग म्हणाले, "साक्षीदार पक्का आहे."

सरांना घरी बोलावलं. सगळं सांगितलं, पायाचं, नऊ शनिवारांचं, विहिरीचं. मग म्हणाले, "ते नऊ आकडे काढून टाक. तिथे कोरं राहू दे आणि कोरं का आहे ते लिही." जिन्यात गेल्यावर परत वर आले आणि दारातून म्हणाले, "मोठ्या कानांची खरंच वरून गेली? त्या बाईंना पुन्हा विचार." मावशी, त्यांनी पहिल्यांदा तिला वेगळं नाव दिलं.

सुया संपल्या आहेत. संध्याकाळी मी आता गच्चीच्या टोकापर्यंत चालते. काल उन्हाळ्याचा पहिला मोगरा कुठेतरी फुलला होता आणि दिव्यापाशी काहीच नव्हतं, नुसता उजेड. मी कमरेजवळ हात आडवा धरून उभी राहिले. काही लागलं नाही. बरं वाटलं तरी.

गुरुजींना जेवायला वाढत जा. मी आता रागावलेली नाही.

तुमची नीला


पिंपळझरी
२ मे १९६९

नीलाताई,

जयभीम. सहा शनिवारांचे कागद सोबत आहेत. त्यांवर आईचा अंगठा घेतला आहे, तसा तिचाच आग्रह.

२२ मार्चला आंबेवाली परत आल्या. पहिल्या दिवशी चाळीसेक, मग वाढत वाढत पावणेदोनशेच्या वर. त्या तोंडापाशी येऊन बांधीवालींच्या मधे मधे लटकल्या. मला वाटले आता चावाचावी होणार. दोन संध्याकाळ कंदील झाकून आत बसून राहिलो. काही झाले नाही. बांधीवाली एकेक करून आत सरकत गेल्या, रोज हात-दोन हात. तिसऱ्या शनिवारी वळणाच्या पलीकडे पोचल्या आणि मध्ये चार हात भिंत पुन्हा रिकामी राहिली. त्याच आठवड्यापासून आईच्या डोक्यावरून बांधीवाली जाईनाशी झाली. मी विचारले, कुणी कुणाला हुसकले म्हणायचे? आई म्हणाली, "कोणी नाई. सरकली." तुमच्या सरांच्या शास्त्रात याला काय म्हणतात ते तुम्ही बघा.

आता २६ एप्रिलचे सांगतो, कारण त्या दिवशीच्या आकड्यात खोट आहे.

ऊन कलल्यावर आम्ही बसलो होतो. पाळीवरून काठीचा आवाज आला. भैय्याजी. एकटेच. ते भुयारात डोकावले, टोपलीत हात घालून चिंचोके वरखाली केले, खाली काही आहे का पाहिले. मग समोरच्या दगडावर बसले. मी उठून उभा राहिलो, कारण सवय. आईने माझे धोतर ओढून मला खाली बसवले.

आंबेवाली निघाल्या. आई मोजू लागली. पन्नासेक झाल्या असतील, भैय्याजींनी विचारले, "किती झाल्या वं, कौसल्या?"

आई वळलीसुद्धा नाही. दोन्ही हात जिथल्या तिथे. म्हणाली, "चूप राहा ना जी मालक. तुमच्या बोलण्यात दोन गेल्या."

मला वाटले आता शाळा गेली. पण भैय्याजींनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि बसून राहिले. अंधार होत गेला. बांधीवाली त्यांच्या पायांजवळून जात होत्या, त्यांनी पाय आवरून घेतले. शेवटची बाहेर पडेपर्यंत ते बोलले नाहीत. मग उठले आणि आले तसे गेले.

घरी येऊन मोजले. आंबेवाली १८८, बांधीवाली ९१. त्या दोन धरून १९० करावे का असे मी आईला विचारले नाही. दोन कमी आहेत, कमीच लिहिल्या आहेत.

आनंदराव